सगळ्यांचा एकच नंबर

आदिलाबादला कॉलेजात नोकरी लागली तेव्हा मी ज्यांच्या माडीवर भाड्यानं राहिले, त्या घरमालकांना सगळी गल्ली गिरदावरसाहेब म्हणायची. गिरदावर म्हणजे महसूल खात्यातला, तलाठ्याच्या वरचा आणि तहसीलदाराच्या खालचा माणूस. निजाम गेला, जिल्ह्याचे तुकडे झाले, खात्यानं पदाचं नाव इंग्रजीत केलं, साहेब निवृत्त झाले, तरी त्यांचं गिरदावरपण काही सुटलं नाही. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझी जात विचारली नाही, पगार विचारला नाही, मटण शिजवता का हेही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्या गावच्या घराच्या पूर्वेला कोन राह्यते?"

मी मुधोळची. पूर्वेला चुलते, पश्चिमेला रस्ता, उत्तरेला पिठाची गिरणी, दक्षिणेला बुजलेली विहीर, असं मी सांगितलं.

"बराबर," ते म्हणाले. बरोबर आहे हे त्यांना कसं कळलं ते विचारायचा मला धीर झाला नाही. खोली मात्र मिळाली.

जमिनीच्या कागदात शेताच्या चारी बाजूंना कोण आहे ते लिहितात. साहेब त्याला जुन्या उर्दूत हद्देअरबा म्हणत. माणसाची ओळख पटवायची त्यांची ही एकच रीत होती. नाव कोणीही सांगतं, बापाचं नावही पाठ करून येतं, पण आपल्या चारी बाजूंना कोण आहे ते घरचाच माणूस सांगतो, असं त्यांचं म्हणणं. जमिनीच्या कामापुरतं हे ठीक होतं. पुढे हाताशी स्मार्टफोन आला आणि या हद्दींना फार काम लागलं.

त्याचं असं झालं. नोकरीची शेवटची वर्षं साहेब वांकिडीकडच्या खेड्यांत होते. तिथल्या बाया कापूस वेचतात. वेचून वेचून बोटांच्या रेषा जातात. रेशनच्या मशीनवर अंगठा ठेवला की मशीन म्हणतं, ओळख पटत नाही. मग ओटीपी. ओटीपीला मोबाईल नंबर हवा, आणि नंबर तर कोणाकडेच नव्हता. साहेब म्हणाले, "माहा लावा." एकीचा लावला, दुसरीचा लावला, मग रांगच लागली. रेशन लागलं, पेन्शन लागलं, कोणाचं बँकेचं खातं लागलं. निवृत्त होऊन ते आदिलाबादला आले, तर इथल्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी तोच नंबर लावून घेतला. सगळ्यांचा एकच नंबर. सरकारच्या लेखी ही सगळी माणसं एकाच खिशात राहत होती.

"हे कायद्यात बसतं का?" मी एकदा विचारलं.

"कायद्यात माणूस बसला पायजे," साहेब म्हणाले. "नाई त तो कायदा कोनाच्या कामाचा?"

खेड्यातले फोन बहुतेक रेशन डीलरच्या मोबाईलवरून येत. डीलर फोन लावायचा, ज्या बाईचं धान्य असेल तिच्या हातात द्यायचा, आणि साहेब विचारायचे, "पूर्वेला कोन?" बाई चारी हद्दी सांगायची, मग साहेब आकडे सांगायचे. तेही सावकाश, एकेक, पेढा हातावर ठेवावा तसे. एकदा एका भामट्यानं बँकेतून बोलतोय म्हणून हिंदीत ओटीपी मागितला. साहेबांनी त्यालाही विचारलं, "पूरब में कौन है?" तो गडबडला. शेवटी म्हणाला, "अंकल, किराये का कमरा है." साहेबांनी त्याला भाडेपावती न चुकता घ्यायला सांगितलं. त्या मुलाचे नंतरही फोन येत होते. त्याचा घरमालकाशी काही वाद चालू होता.

फोन ठेवायला त्यांनी प्रत्येक शर्टाला झाकणाचा खिसा शिवून घेतला होता. आंघोळीला जाताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्हाणीच्या खुंटीला लटकवत. देवळात गाभाऱ्याबाहेर थांबत आणि तिथूनच नमस्कार करत, कारण आत रेंज नव्हती. पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी कोण्या यमुनाबाईला आकडे सांगितले, ते भटजींच्या माईकवरून मांडवभर ऐकू गेले. "फोन वाजते म्हंजे तिकडं कोनीतरी उभं हाये," ते म्हणत. हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान होतं आणि त्याच्यावर बोलायला काही जागा नव्हती. जेवता जेवता उठणाऱ्या माणसाला थांबवता येतं. रांगेत उभ्या असलेल्या म्हातारीसाठी उठणाऱ्याला काय म्हणणार?

काकू, म्हणजे साहेबांची बायको, काहीच म्हणत नसत. त्यांची वाक्यं अर्ध्यावर राहत. "अहो, मी काय म्हन्ते" इथवर आलं की घंटी वाजायची. मग त्या उरलेलं वाक्य घेऊन स्वयंपाकघरात जायच्या. लग्नाला एवढी वर्षं होऊन दोघं मिळून कुठे गेली नव्हती. काकूंना स्वतःचा फोन नव्हता. "घरात एक हाये ना," त्या म्हणायच्या. हे त्या रागानं म्हणतात की साधेपणानं, ते मला पुष्कळ दिवस कळलं नाही.

एका उन्हाळ्यात काकूंच्या बहिणीनं एक व्हिडिओ पाठवला, अर्थात साहेबांच्या नंबरवर. हैदराबादकडच्या एका थीम पार्कात बहीण आणि मेहुणे पाण्यातल्या होडीत बसले होते. होडी उंच चढते, क्षणभर थांबते, आणि खाली पाण्यात कोसळते. बहीण किंचाळत होती, मेहुण्यांनी तिचा हात धरला होता. साहेबांना दुपारची डुलकी लागली तेव्हा काकूंनी फोन माडीवर आणून तो व्हिडिओ मला दाखवला. दोनदा दाखवला.

"मले यायच्यासंग एकदा असं बसायचं हाये," त्या म्हणाल्या. "मंधात फोन नाई पायजे. बस, येवढंच."

मी तोवर त्यांना काही मागताना पाहिलं नव्हतं. मला एकदम वाईट वाटलं आणि मी तिकिटं काढून देते म्हणाले. साहेब सहज तयार झाले. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की पार्कात नेटवर्क कसं आहे. मी म्हटलं, उत्तम आहे. मग ते गल्लीत कोणाला काही न सांगता निघाले. "फोन संगं हाये," ते म्हणाले, "मंग मी कुठी हाये याच्याशी लोकाले काय करायचं?" पहाटेच आम्ही तिघं रिक्षात बसून बसस्टँडला गेलो. घराला कुलूप लागलेलं गल्लीनं बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. त्या रात्री मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आम्ही पार्कात पोचलो.

पार्कात सगळं फोनवर होतं. तिकीट फोनवर, नकाशा फोनवर, कुठल्या पाळण्याला किती गर्दी तेही फोनवर. साहेबांना जागा फार आवडली. त्यांनी सगळा कारभार हाती घेतला आणि नकाशातल्या निळ्या ठिपक्याकडे बघत पुढे चालू लागले. होडीचा तो उंच लोखंडी चढ झाडांच्या वर समोर दिसत होता. काकूंनी बोट दाखवलं. साहेब म्हणाले, "नकाशा डावीकडं सांगून राह्यला." नकाशानं आम्हाला एका उपाहारगृहाच्या मागच्या दारी नेलं, जिथे दोघंजण कांदे सोलत होते. आम्ही परत फिरलो, तर नकाशानं पुन्हा तिथेच आणलं. कांदे सोलणाऱ्यांनी या वेळी आम्हाला ओळख दाखवली.

मधे फोन येतच होते. पार्कातल्या लहान आगगाडीच्या रांगेत आमचा नंबर आला आणि पत्र्याखाली रेंज जाते म्हणून साहेब रांगेबाहेर गेले. गोल फिरणाऱ्या पेल्यांशी पुन्हा तेच. काकू एका पेल्यात एकट्या बसल्या. पेला फिरत होता आणि दर फेरीला त्या साहेबांकडे बघत होत्या. साहेब कुंपणाशी पाठमोरे उभे राहून कोणाला तरी "सात... मंग शून्य..." सांगत होते.

होडीशी पोचलो तर तिथे लॉकर होते. होडीत फोन नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवायचा. साहेबांनी खिशाच्या झाकणावर हात ठेवला. पाच मिनिटांचंच काम आहे, असं मी म्हटलं. काकू शेजारची पाटी वाचत होत्या. तेवढ्यात एक फोन आला, तो साहेबांनी पुरा केला, आणि मग एखादं पोर पहिल्यांदा शाळेत सोडावं तसा फोन लॉकरात ठेवला. माझा फोन आणि आमच्या पिशव्याही त्यातच गेल्या. पडद्यावर आलं, मोबाईल नंबर टाका. साहेबांनी आजवर हजार ठिकाणी टाकला तो नंबर टाकला. दार खट्ट लागलं. पडद्यावर पुढचं वाक्य उमटलं. लॉकर उघडण्यासाठी याच नंबरवर ओटीपी पाठवला जाईल.

साहेब ते वाक्य पुष्कळ वेळ वाचत राहिले.

लॉकरवाल्या मुलीला त्यांनी तेलुगूत समजावलं, मग हिंदीत, मग हुद्दा सांगून. ती म्हणाली, ओटीपीशिवाय मॅनेजरच उघडतो आणि मॅनेजर पार्क बंद होताना येतो. ओळखपत्र दाखवलंत तर विचारून बघते.

"आधार हाये ना," साहेब म्हणाले.

"दाखवा."

"फोनमधी हाये."

मग त्यांनी एका अनोळखी गृहस्थाचा फोन मागून घेतला. डीलरला कळवायचं होतं. पण डीलरचा नंबर त्यांना पाठ नव्हता. भावाचा नव्हता, कोणाचाच नव्हता. पाठ होता तो एकच. साहेबांनी तो लावला. लॉकरमधून घंटी ऐकू आली. आम्ही चौघं, म्हणजे तो गृहस्थ धरून, ती वाजून थांबेपर्यंत ऐकत उभे राहिलो.

आणि ती थांबते न थांबते तोच पुन्हा वाजली. या वेळी फोन आमचा नव्हता.

"गंगूबाई असन," साहेब म्हणाले. "आज तिचा तांदूळ हाये." त्यांचा चेहरा उतरला होता. ते लॉकरच्या दाराला कान लावून उभे राहिले. घंटी थांबली, परत सुरू झाली. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

"चला," काकू म्हणाल्या. "होडी आली."

ते गेले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या बाकावर ती दोघं बसली, मागच्या बाकावर मी. होडी करकरत चढू लागली. साहेबांचा हात सारखा रिकाम्या खिशावर जात होता. अगदी वर पोचल्यावर होडी थांबली, खाली सगळं पार्क दिसत होतं, आणि साहेब म्हणाले, "इथं रेंज चांगली आली असती." त्यानंतर होडी सुटली. साहेबांनी काकूंना नावानं हाक मारली. त्या घरात इतके दिवस राहून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. पाणी अंगावर आलं, आणि डोळे पुसून बघते तर साहेबांनी दोन्ही हातांनी काकूंचा दंड धरलेला होता. काकू हसत होत्या. तोंडाला पदर न लावता, मोठ्यानं.

"आनखी एकदा," त्या म्हणाल्या.

आणखी एकदा बसलो. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी साहेबांनी होडी सुटायच्या आधीच दंड धरला.

नंतर ती दोघं कपडे वाळवत बाकावर बसली. मी काकूंच्या कमरेच्या बटव्यातले पैसे घेऊन भजी आणायला गेले, परत आले तेव्हा साहेब विचारत होते, "तू लंगडून काऊन राह्यली?"

"गुडगा दुखते."

"कवापासून?"

"झाले दोनतीन वर्सं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतच होती," काकू म्हणाल्या. "तेवढ्यात घंटी वाजे."

साहेबांनी भजं हातात घेतलं, पण खाल्लं नाही. थोड्या वेळानं काकू स्वतःच म्हणाल्या, "लॉकरची पाटी म्या वाचली होती."

"कोनती पाटी?"

"ओटीपी त्याच नंबरवर येते म्हनून. तेलुगूत लिवलं होतं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी फोनवर बोलून राह्यले होते."

साहेबांनी एकदा लॉकरच्या दिशेला पाहिलं. एकदा काकूंकडे पाहिलं. मग भजं खाल्लं.

संध्याकाळी मॅनेजर आला आणि लॉकर उघडला. वाजून वाजून फोन मेला होता. लॉजवर येऊन चार्जिंगला लावला तेव्हा न उचललेल्या फोनांची रांग पडद्यावर मावेना. जवळजवळ सगळे डीलरच्या मोबाईलवरून होते. साहेबांनी डीलरला लावला, लागला नाही. पुन्हा लावला, कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. नंतर तो बंदच झाला. काकूंनी जेवायला बोलावलं, तर ते "भूक नाई" म्हणाले. दिवसभरात जे थोडंसं मोकळं झालं होतं ते पुन्हा खिशात गेलं. मला काकूंचा राग आला नाही, साहेबांचाही आला नाही. मला त्या फोनचा राग आला, आणि त्याला काय बोलणार?

परतीच्या बसमध्ये ते एकच वाक्य बोलले. "गंगूबाई मशीनपुढं उभी राह्यली असन."

काकू खिडकीबाहेर बघत होत्या. "मी बी उभीच होती," त्या म्हणाल्या. "तुमच्या मांगं."

त्यानंतर निर्मल गाव गेलं, घाट गेला.

घरी पोचलो तर ओट्यावर माणसं बसली होती. जीपभर माणसं. म्हातारे, बाया, भाकरीची गाठोडी, आणि कडेला मान खाली घातलेला रेशन डीलर. गल्लीतले लोक त्यांना पाणी देत होते. रिक्षातून साहेब उतरले, आणि ओट्यावर जो आवाज झाला तो मी शब्दांत लिहू शकत नाही. एक काळीसावळी, वाळकीशी म्हातारी धावत आली. तिनं साहेबांच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली आणि मग त्यांना रागावली.

"काऊन नाई उचलला हो? काऊन नाई उचलला?"

ही गंगूबाई. साहेबांनी तिच्या घराच्या चारी हद्दी किती वर्षं ऐकल्या असतील, पण निवृत्तीनंतर तिचं तोंड ते आज पहिल्यांदा पाहत होते.

डीलरनं सगळं सांगितलं. "पयल्यांदा नाई उचलला तवा म्हटलं, नाहात असन. मंग वाजे, वाजे, अन् कोनीच उचलना. मंग फोनच बंद झाला. असं आजलोक झालंच नाई साहेब. साऱ्याइले घाबरं सुटलं. दुकान बंद केलं, जीप केली. इंद्रवेल्लीच्या जंगलात माह्या फोनची रेंज गेली, अन् इथं येईपर्यंत ब्याटरी गेली. इथं पायतो त कुलूप. गल्लीतले म्हने, परवा पायटी दोघींनी मिळून तुमाले रिक्षात बसवून नेलं. मंग आमाले कळलंच. हैदराबादचा मोठा दवाखाना. मंग फोन काय लावायचा, रातभर इथंच बसून राह्यलो."

"तांदूळ?" साहेबांनी गंगूबाईला विचारलं.

"आग लागो तांदळाले," गंगूबाई म्हणाली. "तांदूळ आज नाई त उद्या भेटन. तुमाले काय झालं ते सांगा."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. इतकी वर्षं ते या लोकांना आकडे देत होते आणि लोकांना आकडेच हवे आहेत असं धरून चालले होते.

गंगूबाई काकूंकडे वळली. "वैनी, तुमीच सांगा. कोनत्या दवाखान्यात होते?"

काकू हातात किल्ली घेऊन उभ्या होत्या. सगळा ओटा त्यांच्याकडे बघत होता. साहेबांनी मध्ये पडून "थोडं काम होतं," असं म्हणायला तोंड उघडलं, ते मी पाहिलं.

"दवाखान्यात नाई," काकू म्हणाल्या. "होडीत बसाले गेल्तो. आमी दोघं."

डीलरनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"होडीत?" गंगूबाईनं विचारलं.

"हाव. वरतून खाली पडते पान्यात. तीनदा बसलो."

गंगूबाईनं साहेबांना खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग काकूंना पाहिलं. "बरं केलं, माय," ती म्हणाली, आणि ओट्यावर फतकल मारून बसली. "आता च्या ठेवा."

काकूंनी कुलूप काढलं. इतक्या माणसांचा चहा म्हणजे मोठं पातेलं हवं होतं, ते माळ्यावर होतं. त्या स्टुलावर चढायला गेल्या, तेवढ्यात साहेबांच्या खिशात फोन वाजला. ओट्यावरच्या सगळ्यांनी सवयीनं माना वर केल्या. साहेबांचा हात झाकणापर्यंत गेला.

"साहेब, फोन," डीलर म्हणाला.

साहेबांनी फोन काढून माझ्या हातात दिला आणि आत गेले. "उतर खाली," त्यांचा आवाज आला. "मी काढतो. तुहा गुडगा दुखते."